अवरोधक पेप्टाइडने बँड नाहीसा झाला. म्हणजे तो आरडीएच१२ चाच होता का?

एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या उंदराच्या दृष्टिपटलातील रेटिनॉल डिहायड्रोजनेज १२, म्हणजे आरडीएच१२, या विकराचा अभ्यास करतात. त्यांच्याकडे सशात तयार केलेले, ॲफिनिटी पद्धतीने, म्हणजे पेप्टाइडलाच बांधून, शुद्ध केलेले पॉलिक्लोनल प्रतिपिंड (अँटिबॉडी) आहे. मानवी आरडीएच१२ च्या कार्बॉक्सिल टोकाकडील १८ अमिनो आम्लांच्या कृत्रिम पेप्टाइडविरुद्ध ते बनवलेले असून तेच पेप्टाइड ‘अवरोधक पेप्टाइड’ म्हणून सोबत मिळाले आहे. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून मेम्ब्रेन या पातळ पडद्यावर उतरवायची आणि प्रतिपिंडाने ओळखायची, ही चाचणी) त्यांना सुमारे ३५, ५० आणि ७० किलोडाल्टनला तीन बँड दिसतात. प्रतिपिंडात पेप्टाइड मिसळल्यावर ३५ आणि ७० चे बँड जातात, ५० चा राहतो. दृष्टिपटलाच्या छेदांत प्रकाशग्राही पेशींच्या आतील खंडातील रंगण पेप्टाइडमुळे नाहीसे होते, पण मागच्या रंगद्रव्य पेशीथरातील चमक तशीच राहते. याशिवाय त्यांनी हे पेप्टाइड आरडीएच१२ बनवणाऱ्या संवर्धित पेशींच्या माध्यमात चोवीस तास ठेवून पाहिले. रेटिनालचे (अ जीवनसत्त्वाचे अल्डिहाइड रूप) रेटिनॉलमध्ये (त्याचे अल्कोहोल रूप) होणारे रूपांतर जराही कमी झाले नाही. पेप्टाइड खराब आहे का, ५० चा बँड म्हणजे काय, आणि ३५ चा बँड आता आरडीएच१२ चा म्हणून प्रसिद्ध करता येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पेशींवरील प्रयोगाचा उलगडा आधी करतो, कारण तो गैरसमज ‘अवरोधक’ या शब्दातूनच जन्माला येतो. हे पेप्टाइड विकराला अडवत नाही, ते प्रतिपिंडाला अडवते. विकराच्या पृष्ठभागावरील एका छोट्या तुकड्याची ती नक्कल आहे, आणि प्रतिपिंडाची बंधनस्थळे त्या नकलेने आधीच भरून गेली की त्याला खऱ्या प्रथिनाला धरायला जागा उरत नाही, एवढेच तिचे काम आहे. विकराच्या क्रियास्थळात ती बसत नाही आणि रेटिनालशी स्पर्धाही करत नाही. त्यातही आरडीएच१२ हे पेशीच्या आत, आंतर्द्रव्यजालाच्या पटलाला बांधलेले असते, तर १८ अमिनो आम्लांचे साधे पेप्टाइड पेशीपटल ओलांडून आत शिरण्याची शक्यता नगण्य. म्हणून तुमच्या पेशींतील रूपांतर कमी झाले नाही, हे अपेक्षितच होते आणि त्यावरून पेप्टाइडच्या गुणवत्तेबद्दल काहीही ठरत नाही. विकराचे कार्य थांबवून पाहायचे असेल तर जनुकाची अभिव्यक्ती खाली आणावी किंवा जनुकच काढून टाकावे. तेव्हाही रेटिनालचे रेटिनॉल करणारी आरडीएच११ सारखी दुसरी विकरे त्याच पेशीत हजर असू शकतात, हे विसरून चालत नाही. कार्याच्या प्रयोगात या पेप्टाइडचा रास्त उपयोग एकच. पेशी फोडून केलेल्या मिश्रणात प्रतिपिंड घातल्याने विकराची क्रिया कमी झाली, तर पेप्टाइडने ते प्रतिपिंड निकामी केल्यावर क्रिया परत येते का, हे पाहता येते.

आता मूळ विषयाकडे येऊ. अवरोधक पेप्टाइड एकाच प्रश्नाचे उत्तर देते. दिसणारा संकेत प्रतिपिंडाच्या त्या विशिष्ट बंधनस्थळामार्फत आला की अन्य मार्गाने, हा तो प्रश्न. ज्या रेणूला प्रतिपिंडाने धरले तो रेणू आरडीएच१२ आहे का, या प्रश्नाला ते स्पर्शही करत नाही. प्रतिपिंड चुकीच्या प्रथिनाला त्याच बंधनस्थळाने धरत असेल, तर पेप्टाइड ते चुकीचे बंधनही तितक्याच चोखपणे मोडते आणि ब्लॉटवर बँड तितकाच सुंदर नाहीसा होतो. हा फरक मी इतक्या आग्रहाने सांगतो याचे कारण असे की रेटिनॉलवर काम करणाऱ्या विकरांच्या कुटुंबात ही चूक होण्याची शक्यता नेहमीपेक्षा बरीच जास्त आहे.

ते कुटुंब कसे आहे ते पाहा. प्रकाश पडल्यावर ऱ्होडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनातील ११-सिस-रेटिनालचे ऑल-ट्रान्स-रेटिनाल होते. हा अल्डिहाइड मोकळा साचू दिला तर पेशीला घातक ठरतो, म्हणून त्याचे ताबडतोब रेटिनॉलमध्ये क्षपण करावे लागते. प्रकाशग्राही पेशींच्या बाह्य खंडात हे काम मुख्यतः आरडीएच८ करते. आतील खंडात आरडीएच१२ असते आणि बाह्य खंडातून निसटलेल्या रेटिनालपासून ते पेशीचे रक्षण करते. मागच्या रंगद्रव्य पेशीथरात आरडीएच५ उलट दिशेने, ११-सिस-रेटिनॉलचे रेटिनाल करण्याचे काम करते. आरडीएच१० भ्रूणाच्या वाढीत रेटिनोइक आम्लाच्या निर्मितीची पहिली पायरी सांभाळते. आरडीएच११ अनेक ऊतींमध्ये आढळते, रंगद्रव्य पेशीथरातही. ही सगळी विकरे शॉर्ट-चेन डिहायड्रोजनेज या मोठ्या कुळातली असून बहुतेकांची लांबी तीनशे ते साडेतीनशे अमिनो आम्लांच्या दरम्यान आहे. सहविकर धरणारा ग्लायसीनयुक्त भाग आणि क्रियास्थळातील टायरोसीन-लायसीनची जोडी सगळ्यांत जपलेली आहे. त्यातही आरडीएच१२ आणि आरडीएच११ ही सख्खी भावंडे आहेत. मानवात दोघांची जनुके चौदाव्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी आहेत, दोघांत सुमारे ७० टक्के अमिनो आम्ले समान आहेत, आणि एकाची लांबी ३१६ तर दुसऱ्याची ३१८. दोन अमिनो आम्लांचा हा फरक कोणतेही नेहमीचे एसडीएस जेल दाखवू शकत नाही. याचा अर्थ असा की तुमच्या ३५ किलोडाल्टनच्या बँडमध्ये आरडीएच१२ ऐवजी आरडीएच११ असले, किंवा दोघे मिसळलेले असले, तरी बँड त्याच उंचीवर दिसेल आणि प्रतिपिंड दोघांना धरत असेल तर पेप्टाइडने तसाच जाईल.

ही काळजी केवळ पुस्तकी नाही. आरडीएच१२ मधील उत्परिवर्तनांमुळे बालपणीच दृष्टी हिरावून घेणारा लेबर जन्मजात अंधत्वाचा एक प्रकार होतो, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. तेव्हापासून हे विकर नेमके कोणत्या पेशीत आणि पेशीच्या कोणत्या भागात असते याच्या चित्रांवर उपचारांचे तर्क उभे राहतात. त्या चित्रांत एका भावंडाच्या जागी दुसरे रंगले असेल, तर चूक त्या एका आकृतीपुरती राहत नाही.

मी स्वतः याच कुळातील एका विकरावर काम करताना असा बँड पाहिला आहे. पेप्टाइडने तो पूर्ण जात असे, पुन्हा पुन्हा जात असे, आणि आम्ही निर्धास्त होतो. जनुक काढलेल्या उंदराची ऊती हाती आल्यावर तीच चाचणी केली, तेव्हा बँड फिका झालेला होता, पण तिथेच होता. पेप्टाइडने आम्हाला फसवले नव्हते. आम्हीच त्याला जो प्रश्न विचारला नव्हता त्याचे उत्तर त्याच्या तोंडी घातले होते.

तुमचे पेप्टाइड कार्बॉक्सिल टोकाकडचे आहे, ही चांगली गोष्ट आहे, कारण भावंडांतील फरक मधल्या जपलेल्या भागापेक्षा तिकडे अधिक सापडतो. पण ‘टोकाकडचे’ म्हणजे आपोआप ‘विशिष्ट’ नव्हे. पुरवठादाराकडून त्या १८ अमिनो आम्लांचा क्रम मागून घ्या आणि तो मानवी आरडीएच१२, उंदराचे आरडीएच१२, उंदराचे आरडीएच११ व शक्य तर याच कुळातील आरडीएच१४ यांच्या क्रमाशेजारी मांडून बघा. एकूण साम्याची टक्केवारी इथे फारशी उपयोगाची नाही. प्रतिपिंड साधारणपणे पाच ते आठ अमिनो आम्लांच्या सलग तुकड्याला धरते. म्हणून १८ पैकी १० जागा जुळत असतील तर त्या विखुरलेल्या आहेत की सहा-सात एका रांगेत आहेत, हे पाहणे महत्त्वाचे. पॉलिक्लोनल प्रतिपिंडात त्याच पेप्टाइडच्या वेगवेगळ्या तुकड्यांना धरणारे रेणू एकत्र असतात, त्यामुळे एखादा जुळणारा तुकडासुद्धा भावंडाला धरायला पुरतो. आणखी एक गोष्ट तपासा. प्रतिपिंड मानवी क्रमाविरुद्ध बनले आहे आणि तुम्ही वापरता उंदीर. उंदराच्या क्रमात त्याच जागी दोन-तीन बदल असतील तर प्रतिपिंड उंदराच्या प्रथिनाला सैलपणे धरेल, पण मानवी पेप्टाइडला घट्ट धरेल. अशा स्थितीत अवरोध फार सहज होतो आणि त्या सहजतेवरून प्रतिपिंड उत्तम असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो.

आता प्रयोगाच्या मांडणीकडे वळतो, कारण मिश्रणाचे प्रमाण कुठून येते हे समजून न घेता ‘पाचपट पेप्टाइड घाला’ ही सूचना पाळली जाते. प्रतिपिंडाचा रेणू सुमारे दीड लाख डाल्टनचा, म्हणजे १ मायक्रोग्रॅम प्रतिपिंडात सुमारे ६.७ पिकोमोल रेणू आणि प्रत्येकाची दोन याप्रमाणे सुमारे १३ पिकोमोल बंधनस्थळे. १८ अमिनो आम्लांचे पेप्टाइड साधारण २,००० डाल्टनचे धरले तर १ मायक्रोग्रॅममध्ये ५०० पिकोमोल रेणू होतात. म्हणून वजनाने पाचपट पेप्टाइड घातले, की प्रत्येक बंधनस्थळामागे जवळजवळ १९० पेप्टाइड रेणू मिळतात. एवढे पुरेसे असायला हवे, आणि बहुधा असते. मात्र कुपीवर लिहिलेले वजन म्हणजे पेप्टाइडचे वजन, असे धरू नका. कोरड्या भुकटीत ट्रायफ्लुओरोॲसेटेटचे क्षार आणि पाणी असते, त्यामुळे प्रत्यक्ष पेप्टाइडचा अंश अनेकदा ६० ते ८० टक्केच भरतो. एचपीएलसीवरची (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारी पद्धत) ९५ टक्के शुद्धता ही निराळी गोष्ट आहे; ती इतर पेप्टाइडांच्या तुलनेत मोजलेली असते, क्षार आणि पाणी तिच्यात धरलेले नसतात.

मिश्रण थोड्या आकारमानात करा. समजा १० मिलिलिटर द्रावणात प्रति मिलिलिटर ०.२ मायक्रोग्रॅम प्रतिपिंड हवे आहे, म्हणजे एकूण २ मायक्रोग्रॅम. ते अर्धा मिलिलिटर बफरमध्ये घ्या, त्यात १० मायक्रोग्रॅम पेप्टाइड घाला, खोलीच्या तापमानाला एक-दोन तास किंवा ४ अंश सेल्सिअसला रात्रभर हळुवार हलवत ठेवा, आणि मगच १० मिलिलिटरपर्यंत विरळ करा. दाट मिश्रणात समतोल लवकर गाठला जातो. दुसऱ्या नळीत तेवढेच प्रतिपिंड आणि पेप्टाइडऐवजी केवळ त्याचे द्रावक तेवढ्याच आकारमानात घालून तिलाही त्याच तापमानात तेवढाच वेळ ठेवा. ही दुसरी नळी लोक टाळतात आणि ताजे प्रतिपिंड वापरतात. विरळ प्रतिपिंड नळीच्या भिंतींना चिकटून थोडे कमी होतेच, आणि मग ती घट पेप्टाइडच्या खात्यावर जमा होते. तिसऱ्या नळीत तितक्याच लांबीचे, तीच अमिनो आम्ले पण वेगळ्या क्रमात असलेले पेप्टाइड असावे. त्याने बँड गेला, तर तुमच्या पेप्टाइडचा परिणाम क्रमामुळे नसून त्याच्या विद्युतभारामुळे किंवा चिकटपणामुळे आहे, हे उघड होते.

प्रतिपिंडाची मात्रा किती ठेवावी, यावर निकालाचा कितीतरी भाग अवलंबून असतो. बँड संपृक्त होईल इतके प्रतिपिंड घातले असेल तर ९८ टक्के बंधनस्थळे अडवूनही उरलेले २ टक्के रसप्रकाशी (रासायनिक क्रियेतून प्रकाश देणाऱ्या) रसायनाने स्पष्ट बँड देऊ शकतात, आणि तुम्ही ‘पेप्टाइड चालत नाही’ असे लिहून मोकळे होता. याच्या जोडीला प्रतिपिंडाची दुहेरी पकड आहे. पेप्टाइड एका वेळी एकाच बाहूला बसते, पण मेम्ब्रेनवर प्रथिने दाटीने बसलेली असल्याने प्रतिपिंड दोन्ही बाहूंनी धरू शकते आणि ती पकड सहसा सुटत नाही. रात्रभर ठेवलेल्या मेम्ब्रेनवर, पेप्टाइड भरपूर असूनही, हळूहळू काही प्रतिपिंड असे जमा होते. म्हणून या चाचणीत प्राथमिक प्रतिपिंड खोलीच्या तापमानाला एक-दीड तासच ठेवावे, बँड मध्यम तीव्रतेचा येईल इतकीच मात्रा आधी शोधून घ्यावी, आणि पेप्टाइडची एकच मात्रा न वापरता चढती श्रेणी वापरावी: प्रतिपिंडाच्या वजनाच्या पंचमांश, बरोबरीने, पाचपट, दहापट. एका मात्रेत ‘गेला’ किंवा ‘राहिला’ एवढेच दिसते, तर श्रेणीत प्रत्येक बँड कोणत्या मात्रेला उतरतो हे दिसते. ३५ चा बँड अल्प मात्रेत आणि ७० चा पाचपट मात्रेत गेला, तर दोन्हींशी प्रतिपिंडाचे नाते एकसारखे नसावे अशी शंका घ्यायला जागा मिळते. सगळ्या पट्ट्या एकाच जेलच्या, एकाच नमुन्याच्या असाव्यात आणि एकाच प्रतिमेत, एकाच उद्भासनात टिपलेल्या असाव्यात. वेगवेगळ्या वेळी काढलेली दोन चित्रे शेजारी ठेवून अवरोध सिद्ध होत नाही.

पेप्टाइडच्या हाताळणीबद्दल थोडेच सांगतो. कुपी फ्रीझरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, अपकेंद्रित करून मगच उघडा, नाहीतर भुकटी ओलावा ओढून घेते. आम्लधर्मी पेप्टाइड पाण्यात नीट विरघळत नसेल तर विरळ अमोनियम बायकार्बोनेटमध्ये विरघळते, जलविरोधी असेल तर थोड्या डीएमएसओ या द्रावकामध्ये. क्रमात सिस्टीन किंवा मिथायोनीन असेल तर डीएमएसओ टाळलेले बरे, कारण त्यांचे ऑक्सिडीकरण होते. द्रावणाचे छोटे भाग करून उणे २० अंशाला ठेवा आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका. तयार द्रावणात सोडियम अझाइड असेल, तर ते संकेत निर्माण करणाऱ्या पेरॉक्सिडेज विकराला मारते, हे लक्षात ठेवून दुय्यम प्रतिपिंडाआधी (प्राथमिक प्रतिपिंडाला धरून संकेत देणारे ते दुय्यम) धुणी पुरेशी करा.

आता तुमचे तीन बँड एकेक करून पाहू.

५० किलोडाल्टनचा बँड पेप्टाइडने गेला नाही, म्हणजे तो बहुधा या पेप्टाइडला धरणाऱ्या बंधनस्थळांतून आलेला नाही. सर्वांत आधी मनात येते ते उंदराच्या स्वतःच्या इम्युनोग्लोब्युलिनची जड साखळी. दृष्टिपटल काढण्यापूर्वी रक्त धुऊन काढले नसेल तर ऊतीत उंदराचे प्रतिपिंड असतेच, आणि सशाविरुद्धचे दुय्यम प्रतिपिंड उंदराच्या प्रथिनांवर शोषून शुद्ध केलेले नसेल तर ते त्याला धरते. हे ओळखायला तीन सोपे मार्ग आहेत. प्राथमिक प्रतिपिंड न घालता फक्त दुय्यम प्रतिपिंड लावलेली एक पट्टी ठेवा. त्याच ब्लॉटवर २५ किलोडाल्टनजवळ हलक्या साखळीचा फिका बँड आहे का ते बघा. आणि एक नमुना साखळ्यांमधील बंध तोडणारे डायथायोथ्रेटॉल किंवा मर्कॅप्टोइथेनॉल न घालता चालवा. बँड इम्युनोग्लोब्युलिनचा असेल तर तो ५० वरून नाहीसा होऊन १५० च्या आसपास जाईल. यांपैकी काहीच घडले नाही, तर ससा ज्या वाहक प्रथिनाला जोडलेल्या पेप्टाइडने टोचला होता, त्या वाहक प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड थोडे शिल्लक असण्याची शक्यता उरते. तुमचे प्रतिपिंड पेप्टाइडवरच शुद्ध केलेले असल्याने ती शक्यता कमी आहे. न शुद्ध केलेल्या रक्तद्रवात मात्र ती नेहमी धरावी, कारण मुक्त पेप्टाइड तसल्या प्रतिपिंडाला अडवत नाही.

७० किलोडाल्टनचा बँड पेप्टाइडने जातो आणि तो ३५ च्या बरोबर दुप्पट आहे, त्यामुळे दोन रेणूंची जोडी असा मोह होतो. तो खरा असू शकतो. पण तुम्ही नमुना ९५ अंशाला पाच मिनिटे उकळला असेल तर आधी ती सवय सोडून पाहा. दृष्टिपटलाचा नमुना ऱ्होडॉप्सिनने भरलेला असतो, आणि उकळल्यावर ऱ्होडॉप्सिनचे गोळे होतात हे या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे. पटलाला बांधलेली दुसरी प्रथिनेही त्यांत अडकतात. नमुन्याचा एक भाग न तापवता, एक ३७ अंशाला अर्धा तास ठेवून आणि एक उकळून, तिन्ही शेजारी चालवा. उकळलेल्या भागातच ७० चा बँड ठळक झाला, तर तो तुमच्या तयारीने निर्माण केलेला आहे. ऱ्होडॉप्सिनची आणखी एक अडचण अशी की ते स्वतः ३५ ते ४० च्या पट्ट्यातच धावते आणि इतक्या प्रचंड प्रमाणात असते की त्या उंचीवरचा जेलचा भाग फुगतो, शेजारचे बँड वाकतात. तुमचा ३५ चा बँड वाकडा किंवा पसरट दिसत असेल तर नमुन्याची मात्रा कमी करा.

३५ च्या बँडबद्दल मुख्य अडचण मी वर मांडलीच आहे. ती सोडवायला माझा पहिला सल्ला असा की दुसरे पेप्टाइड बनवून घ्या: उंदराच्या आरडीएच११ मधला, तुमच्या पेप्टाइडशी समांतर येणारा १८ अमिनो आम्लांचा तुकडा. तोच प्रयोग, त्याच श्रेणीने, या पेप्टाइडने करा. आरडीएच११ च्या तुकड्यानेही बँड खाली येत असेल तर तुमचे प्रतिपिंड दोघांना ओळखते, आणि किती मात्रेत खाली येतो यावरून किती तीव्रतेने ओळखते याचा अंदाजही येतो. तो तुकडा दहापट मात्रेतही काही करत नसेल, तर निदान या भावंडाबाबतची शंका बरीच मिटते. अवरोधक पेप्टाइडचा सगळ्यांत बुद्धिमान उपयोग मला हाच वाटतो, आणि तो क्वचितच केला जातो.

यापुढचा पुरावा पेप्टाइडच्या आवाक्याबाहेरचा आहे आणि तो गोळा करावाच लागेल. २०१६ मध्ये प्रतिपिंडांच्या प्रमाणीकरणावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने पाच मार्ग सुचवले: जनुक काढून किंवा दाबून पाहणे, प्रतिपिंडाशिवायच्या पद्धतीने मोजलेल्या प्रमाणाशी ताळा घेणे, त्याच प्रथिनाच्या वेगळ्या भागाविरुद्धच्या दुसऱ्या स्वतंत्र प्रतिपिंडाशी तुलना करणे, खूणपट्टी (ओळखीसाठी प्रथिनाला जोडलेला छोटा तुकडा, टॅग) लावलेले प्रथिन पेशींत व्यक्त करून पाहणे, आणि प्रतिपिंडाने पकडलेल्या प्रथिनाची ओळख द्रव्यमान वर्णपटाने (मास स्पेक्ट्रोमेट्री) पटवणे. पेप्टाइडने अवरोध करणे या पाचांत नाही, आणि ते योग्यच आहे. तुमच्या बाबतीत सर्वांत थेट मार्ग म्हणजे आरडीएच१२ चे जनुक काढलेल्या उंदराचे दृष्टिपटल. असे उंदीर तयार केले गेले आहेत. मानवातील आजाराच्या मानाने त्यांचे दृष्टिपटल सामान्य परिस्थितीत आश्चर्यकारकरीत्या शाबूत राहते आणि तीव्र प्रकाशाने मात्र लवकर इजा पावते. पेशी शाबूत राहतात, हे आपल्या कामासाठी फार सोयीचे आहे, कारण बँड गेला तर तो प्रकाशग्राही पेशीच मेल्यामुळे गेला अशी पळवाट उरत नाही. तशी ऊती मिळवणे शक्य नसेल तर कोणत्याही सोप्या संवर्धित पेशींत उंदराचे आरडीएच१२ आणि आरडीएच११ वेगवेगळे व्यक्त करा, दोघांना एकच खूणपट्टी लावा, खूणपट्टीच्या प्रतिपिंडाने दोघांचे प्रमाण सारखे असल्याची खात्री करा आणि मग तुमचे प्रतिपिंड लावा. एका आठवड्याचे काम आहे, पण त्यानंतर तुम्ही ३५ च्या बँडबद्दल ठामपणे बोलू शकाल.

रंगद्रव्य पेशीथरातील चमक पेप्टाइडने गेली नाही, याचे बहुधा साधे कारण आहे. त्या पेशी बाह्य खंडांचे टाकाऊ तुकडे रोज गिळतात, आणि न मोडलेला अंश लायपोफुसिन म्हणून साचतो. त्यात रेटिनालपासूनच बनलेली ए२ई सारखी संयुगे असतात आणि ती निळ्या प्रकाशात स्वतःच चमकतात, हिरव्यापासून लाल रंगापर्यंत रुंद पट्ट्यात. जे ऑल-ट्रान्स-रेटिनाल वेळेवर रेटिनॉलमध्ये बदलले गेले नाही त्याचाच हा मागे राहिलेला अवशेष, म्हणजे तुमच्या विकराच्या कार्याशी त्याचे जवळचे नाते आहे. पण तुमच्या प्रतिपिंडाशी काहीच नाही. कोणतेही प्रतिपिंड न लावलेला छेद त्याच सूक्ष्मदर्शीखाली, त्याच मांडणीत पाहा. चमक तिथेही असेल तर दूरच्या लाल पट्ट्यातील रंजक वापरा किंवा सुदान ब्लॅकने ती चमक दाबा, आणि शक्यतो तरुण उंदीर घ्या, कारण लायपोफुसिन वयाबरोबर वाढते. प्रतिपिंड न लावलेल्या छेदात तो थर काळाच राहिला, तरच तिथल्या रंगणाचा वेगळा विचार करावा लागेल. छेदांवर अवरोध करताना एक उलटा परिणामही होऊ शकतो, तोही माहीत असावा. पेप्टाइड धनभारित असेल तर ते ऊतीला चिकटते आणि आपल्याबरोबर प्रतिपिंडालाही तिथे नेते, त्यामुळे रंगण कमी होण्याऐवजी सगळीकडे धूसर वाढते. बदललेल्या क्रमाच्या पेप्टाइडचा छेद शेजारी असेल तर हे लगेच ओळखू येते.

लेखात लिहिताना ‘पेप्टाइडने अवरोध केल्यामुळे प्रतिपिंडाची विशिष्टता सिद्ध झाली’ हे वाक्य वापरू नका. त्याऐवजी पेप्टाइडचा क्रम, त्याची मोलर मात्रा, मिश्रणाचा वेळ आणि तापमान द्या; ३५ आणि ७० चे बँड अवरोधित झाले आणि ५० चा झाला नाही, हे जसे आहे तसे सांगा; आणि ३५ च्या बँडला आरडीएच१२ म्हणण्याचा आधार म्हणून जनुक काढलेल्या ऊतीचा किंवा व्यक्त केलेल्या प्रथिनांचा निकाल त्याच आकृतीत, त्याच जेलवर दाखवा. पूर्ण लांबीच्या ब्लॉटची न कापलेली प्रतिमा पूरक माहितीत ठेवा, ५० च्या बँडसकट.